जिंकला एक, फेटा दुसऱ्याला

मंडळी, आज सकाळी शिरपूरजवळच्या आमच्या गावात कटिंगच्या दुकानात बसलो होतो. टीव्हीवर परदेशातली मॅच चालू होती. तिथल्या एका आदिवासी खेळाडूची सगळं मैदान हुर्यो उडवत होतं.

"काय माणसं आहेत ही!" दुकानातले सगळे हळहळले.

माझ्या शेजारी नामाभाऊ बसले होते. भिल्ल समाजातले, एकोणीसशे नव्वदच्या सुमारास इनामी कुस्त्या गाजवणारे पैलवान.

आमच्या यात्रेत जिंकलेल्या पैलवानाला फेटा बांधून आखाड्याभोवती फिरवतात. नामाभाऊंनी पाटलांच्या पोराला चीत केलं, तेव्हा याच गावाने हुर्यो उडवली. "ए भिलड्या, डोंगरमा जाय!" पंचांनी फेटा हरलेल्याला बांधला. "अहो, हे काय करताय?" मी ओरडत राहिलो, पण त्या गोंगाटात ऐकतंय कोण! नामाभाऊंनी बोडक्या डोक्याने एकट्यानेच फेरी पूर्ण केली.

आज हळहळणाऱ्यांत तेव्हाचे ओरडणारेही होते. त्यांना काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

नामाभाऊ टीव्हीकडे बघत मला अहिराणीत एवढंच म्हणाले, "भाऊ, आवाज तोच शे."

 मंडळी, तुम्हाला तो वेगळा ऐकू येतोय का?