पाठीवरून फिरवलेलं बोट

उंब्रजजवळच्या एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सहावीला पृष्ठवंशीय आणि अपृष्ठवंशीय प्राण्यांचा धडा आला की पूर्वी मी मुलांना जोडीनं उभं करायची. एकमेकांच्या पाठीवरून, मानेपासून कमरेपर्यंत, बोट फिरवायला सांगायची. पाच वर्षं झाली, मी ते करत नाही.

त्या दिवशी धडा छान रंगला होता. मुलांनी ओढ्यावरून डब्यात खेकडा आणला होता, ओल्या मातीत दोन गांडुळं होती. खेकडा एवढा टणक, मग त्याला हाडं कशी नाहीत, यावरून वर्गात वाद पेटला. त्याचं कवच बाहेरून असतं, आत कणा नसतो, असं मी समजावलं. एकजण ओरडला, "आणि बाई, सापाला तर नुसता कणाच असतोय!" सगळे हसले. मग मी म्हटलं, "आता आपला कणा बघा. एकेक मणका बोटाला लागतोय का?"

खिडकीजवळच्या बाकावर दोन मुली बसायच्या. बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. एक बडबडी, दुसरी हडकुळी आणि शांत, चित्रं मात्र सुरेख काढणारी. बडबडीचा आवाज आला, "बाई, हिचा एक मणका लय वर आलाय. बोट अडतंय."

मी जाऊन हात लावला. पाठीच्या मधोमध, कापडाआडून, टोकदार उंचवटा लागला. मुलगी अंग चोरून उभी राहिली.

"दुखतं?"

"रोजच दुखतंय, बाई."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती सांगणार तरी कशी? जूनपासून मी तिला म्हणत होते, "म्हातारीसारखी वाकून काय बसतेस? ताठ बस." दोनदा पाठीत धपाटाही घातला होता. हलकाच. पण घातला होता.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. वडील पुण्याकडे ट्रक चालवायचे, आठ-आठ दिवस घरी नसायचे. आई घरातच शिवणकाम करायची. मशीन थांबवून तिनं मला चहा दिला.

"आवं बाई, उंची वाढायचं वय हाय. मी तेल लावती की रोज. संध्याकाळचं अंग जरा कोमट लागतंय, तेवढंच."

"मोठ्या दवाखान्यात दाखवा. मिरजेला न्या."

"नेतो की. ह्यांस्नी दिवाळीत सुट्टी हाय, तवा जातो."

दिवाळी तीन आठवड्यांवर होती. मी "बरं" म्हणाले आणि गाडीला किक मारली. मलकापूरला घरी पोहोचेपर्यंत मनात माझ्याच मुलाच्या परीक्षेचे विचार सुरू झाले होते. तो "बरं" मी अजून विसरू शकलेले नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी ती शाळेच्या नळावर पडली. उठवायला गेलो तर पाय लाकडासारखे ताठ. "बाई, पाय माजं ऐकंनात," एवढंच म्हणाली. रडली नाही. त्याच संध्याकाळी तिला मिरजेला नेलं.

रविवारी मी कराडहून रेल्वेनं तिला भेटायला गेले. कण्याचा क्षय निघाला होता. दोन मणके पोखरले गेले होते आणि आतल्या मज्जारज्जूवर पुवाचा दाब आला होता. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन होतं. डॉक्टर बाई तरुण होत्या. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, "तीन आठवडे आधी आणलं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "असं नक्की सांगता येत नाही हो." त्यांनी मला वाचवायला तसं म्हटलं, हे मला कळलं.

ऑपरेशन झालं, वर्षभर गोळ्या चालल्या, रोग बरा झाला. पाय परत आले नाहीत. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तिच्या घरी शिकवायला जाऊ लागले. तिला पडवीत खाटेवर बसवलेलं असायचं. गणित, इतिहास सगळं ती मुकाट्यानं करायची. पावसाळ्यात एकदा भिंतीवरून गोगलगाय चालली होती. ती बराच वेळ बघत राहिली.

"बाई, हिला कणा न्हाई न्हवं?"

"नाही."

"पाय बी न्हाईत. मग चालती कशी?"

मी वर्गात शिकवतानाच्या आवाजात सांगितलं, की तिचं पोटच तिचा पाय, तिथल्या स्नायूंनी ती पुढं सरकते. तिनं नीट ऐकून घेतलं.

"मला कणाबी हाय, पायबी हायत," ती म्हणाली. "मग मला का येत न्हाई?"

मी तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसले. तिला ते कळतही नव्हतं.

तिची मैत्रीण मात्र एकदाही तिच्याकडे फिरकली नव्हती. क्षयाच्या भीतीनं घरचे पाठवत नसतील, असं मी धरून चालले होते. सातवीच्या शेवटी एकदा मधल्या सुट्टीत मी तिला रागानंच विचारलं. ती बडबडी पोर पार बदलली होती. म्हणाली, "बाई, मी बोट लय दाबलं व्हतं त्या दिशी. मणका आत जाईल म्हणून दाबलं. त्यानंच मोडला."

दीड वर्ष ती हे एकटीनं घेऊन फिरत होती. मी तिला जवळ घेतलं, बोटानं कणा मोडत नाही, ते दुखणं आधीचंच होतं, परत परत सांगितलं. शनिवारी तिला गाडीवर बसवून घेऊन गेले. दारात ती थबकली. खाटेवरची म्हणाली, "ये की गं. किती उंच झालीस!" दोघी रडल्या. मी आणि तिची आई चुलीपाशी जाऊन उगीच भांडी हलवत राहिलो.

पुढं आठवीची शाळा हायवेपलीकडे, वर्ग दुसऱ्या मजल्यावर. मी तिथल्या मुख्याध्यापकांना भेटले, वर्ग खाली घ्या म्हणाले. ते बघू म्हणाले, पण वर्ग वरच राहिला आणि तिची शाळा सुटली. मग एका शनिवारी तिच्या आईनंच हात जोडले, "बास झालं बाई आता. तुमी लय केलंसा." तिला वाटत होतं, मी उपकार करतेय. खरं काय ते सांगायचं धाडस मला झालं नाही.

आता ती साड्यांना फॉल लावते. हात सफाईचा आहे, गावातून काम येतं. परवा गेले होते. मान वर न करता तिनं विचारलं, "बाई, तुमची हाय का एखादी साडी फॉल लावायची?" मी म्हटलं, आहे. घरी येऊन कपाट उघडलं, तर सगळ्या साड्यांना फॉल लावलेले होते. एक काढून मी फॉलची शिवण उसवायला बसले.