पैसे भरून घेतलेल्या वाटा

काळ्या मातीतून सायकल काढली की टायरला चिखल आणि आपल्याला किस्से चिकटतातच! चिखल निदान धुता तरी येतो. किस्से मात्र दर रविवारी टपरीवरच्या चहाबरोबर वाढतच जातात.

आमचा ग्रुप तिघांचा. परभणीत बियाण्याचं दुकान चालवणारे महालिंगअप्पा, दवाखान्यातल्या सुनंदा सिस्टर आणि चष्मे विकणारा मी. तिघांकडं जाड टायरच्या, गिअरवाल्या माउंटन बाइक. परभणीत माउंटन कुठंय, हे कृपा करून विचारू नका!

तर अप्पांनी एकदा रानवाटा दाखवणाऱ्या ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं. मी म्हणालो, "अप्पा, फुकटात नकाशा मिळतो की. पैसे कशाला?"

"फुकटातला नकाशा हायवे दाखवितो. हायवेवर जायाला मी काय ट्रक हाय?"

*

पहिल्याच रविवारी ॲपनं पिंगळीच्या पुढं एक 'ट्रेल' दाखवली. अप्पा पुढं, आम्ही मागं. ट्रेल संपली ती थेट हळदीच्या वावरात! बांधावर बसलेले एक म्हातारबा उठून उभे राहिले.

"कुठं जायलाव?"

अप्पांनी मोबाइल पुढं केला. "बाबा, ह्याच्यात हितं वाट हाय."

म्हातारबांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन निरखून बघितली. "बराबर हाय की. पर ही वाट माझ्या बापाच्या काळातली! एवढी जुनी खबर तुमाला पैसे घिऊन दिली का?"

*

पैसे भरणाऱ्यांना ॲप चढ-उताराचा आलेखही देतं. चुडाव्याला जाऊन आल्यावर अप्पांनी मोठ्या हौसेनं तो उघडला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ!

सिस्टर गंभीर झाल्या. "अप्पा, आमच्याकडं अशी रेघ आली की नातेवाइकांना आत बोलावतेत!"

*

भादव्यात ॲपनं एका गाडीवाटेला 'सोपी' असा शेरा दिला होता. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, हे ॲपला कोण सांगणार? अर्ध्या वाटेत चिखल भरून चाकं जाम. उरलेली सगळी वाट सायकली खांद्यावर घेऊन तुडवली.

डांबरी लागल्यावर अप्पांनी मोबाइल काढून बघितला. "हितं नुसतं 'राइड' लिवलंय. कोण कुनावर, ते लिवलंच न्हाई!"

*

मग देवगाव फाट्याच्या अलीकडं तो प्रसंग झाला. हायवे सोडून आत शिरलो होतो. ओढ्याच्या उतारावर अप्पांचं पुढचं चाक घसरलं आणि ते खांद्यावर आदळले. चेहरा पांढराफटक. सिस्टरांनी ओढणीनं हात गळ्यात बांधला, पण त्यांचा आवाज बदलला होता. "हाड मोडलंय. गाडी लवकर पायजे."

मोबाइलला रेंज नाही! फुकटातला नकाशा तर उघडेचना. अप्पांच्या ॲपमध्ये मात्र सगळा भाग आधीच डाउनलोड केलेला. त्यात ओढ्यापासून डांबरीकडं जाणारी बारीक तुटक रेघ दिसली. मी ती धरून पळालो. अप्पांचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नव्हता. कापसाच्या एका वावरापाशी रेंज आली, तसा अँब्युलन्सला फोन लावला.

गाडीच्या ड्रायव्हरला मी ॲपवरचे अक्षांश-रेखांशाचे आकडे वाचून दाखवायला लागलो. तो म्हणाला, "आकडे ऱ्हाऊ द्या हो. शेत कुनाचं हाय?"

आता ते मला काय माहीत! शेजारी कापूस वेचणाऱ्या बाईंनी सरळ माझ्या हातातून मोबाइल घेतला. "गयाबाईच्या आखाड्यावर या म्हनावं! पुलाच्या अलीकडून आत!"

ती बाई म्हणजेच गयाबाई. वीस मिनिटांत गाडी आली.

दवाखान्यात अप्पांनी डाव्या हातानं सबस्क्रिप्शन पुढच्या वर्षासाठी वाढवून टाकलं. मी विचारलं, "म्हणजे पैसे वसूल?"

"ॲप निम्मं, गयाबाई निम्मी. निम्म्याचे तरी भरायलाच पायजेत!"

*

ॲपवर आपल्यालाही वाट चढवता येते. सिस्टरांनी ती तुटक रेघ नीट चढवली आणि नाव दिलं 'गयाबाईची वाट'. अप्पांचा खांदा बरा झाल्यावर आम्ही पेढे घेऊन आखाड्यावर, म्हणजे त्यांच्या शेतातल्या घरी गेलो. गयाबाई हसतच पुढं आल्या.

"परवा नांदेडहून दोघं सायकलवाले आल्ते. म्हनले, गयाबाईची वाट हीच का? म्हनलं, मीच गयाबाई! पानी पाजलं त्यान्ला."

सिस्टरांनी स्क्रीन दाखवली. गयाबाईंनी एकेका अक्षरावर बोट ठेवत नाव वाचलं.

"तीस वर्सं झाले हे रान कसायलेय मी. नाव लागलं ते मोबाइलात! सातबाऱ्यावर कवा लागंल?"

त्यांचे यजमान बापूराव बाजूला बैलाचं दावं वळत बसले होते. त्यांनी दावं खाली ठेवलं, धोतराला हात पुसले आणि अप्पांकडं वळून विचारलं,

"अप्पा, तलाठी सोमवारी बसतेत का हो?"