मांजरपाटाचं माहेर

अगं, सरक जवळ. उंबऱ्याशी काय बसतेस पाव्हण्यासारखी? गोदाक्का गेली तेव्हा तू पाळण्यात होतीस, म्हणून नीट ऐक.

गोदाक्का मंठ्यात आमच्या शेजारी शिवणकाम करायची. तिच्यापुढं कापड टाकलं की आधी विचारायची, "हिचं माहेर कुठलं?" कॅलिको म्हटलं की, "कालिकतची हाय. लई लांबून आली बिचारी." डंगरी मुंबईतल्या डोंगरीची, म्हणून तिला जरा धाकात ठेवायचं. कापडाच्या नावात त्याचं गाव असतं, आणि ते विचारल्याबिगर कात्री लावली तर कापड रुसून आटतं, असा तिचा ठाम विश्वास. माझं झंपर आटलं तेव्हा मलाच झापलं, "तू हिचं गाव न्हाई सांगितलंस."

पुढं डॉक्टरांनी हृदय थकलंय म्हणून सांगितलं. आक्का घरी न येता तडक कापडदुकानात गेली, स्वतःच्या शेवटच्या कापडासाठी. शेटजींनी मांजरपाटाचा तागा काढला.

"हिचं माहेर?"

"आक्का, समदे हेच नेतेत. आजवर एकानंबी तक्रार केली न्हाई."

"नेऊ द्या. मी बिगरमाहेरची पोर अंगावर घेऊन जाणार न्हाई. वर कोणी विचारलं, ही कोणाची, तर काय सांगू?"

मंग काय, शोध सुरू. कोणी सांगे मद्रासकडची, कोणी विलायतेची. शाळेतले मास्तर म्हणाले, बराबर कोणालाच माहीत नाही. आक्का खंगत चालली, पण मरायला बिलकुल तयार नाही. "हिचं ठरल्याबिगर कशी जाऊ?"

शेवटी एका दुपारी तिनं आम्हा बायांना बोलावलं. पाटावर दुकानातून मागवलेला तागा बसवलेला. तिनं त्याला हळदकुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली. मी हळूच म्हटलं, "आक्का, विधवेच्या हातची ओटी..."

"तिनं कुठं हरकत घेतली?" म्हणाली, आणि ताग्यावरून हात फिरवला. "आजपासून तुझं माहेर मंठा. कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

शेटजी दारात उभे होते. "आक्का, कुंकू लागलेलं आता कोण घेणार?"

"मीच की. लेक परत दुकानात धाडू का?"

त्याच आठवड्यात ती गेली, अगदी निवांत. तिला उचललं तेव्हा आम्हाला सुधरेना, निरोप नेमका कोणाला द्यावा. मंग लेकीला सासरी धाडताना सांगतात तसं, मी त्या पांढऱ्या कापडाला हात लावून म्हटलं, "नीट जा बाई. आक्काला सांभाळ. पोचलीस की कळव."

अजून काही निरोप नाही. तू मात्र सासरी गेल्यावर तसं करू नको. पंचमीला ये, आणि दोन दिवस जास्तीचे काढून ये.