तेजीचा शर्ट, मंदीची कॉलर

देवासात तेजी आली की मंदी, हे कुसुमावती शिर्क्यांना वर्तमानपत्राच्या आधी कळतं, आणि ही फुशारकी नव्हे. त्या इथल्या कारखान्यांतल्या कामगारांचे गणवेश शिवतात. दिवस चांगले असले की माणूस नवा शर्ट शिवतो. दिवस फिरले की तोच विटका शर्ट काखेत मारून येतो आणि म्हणतो, "काकू, कॉलर तेवढी उलटवून द्या." झिजलेली बाजू आत, कोरी बाहेर, की आणखी वर्षभर निघतं. आठवड्याला अशा दोन-तीन कॉलरी म्हणजे काही चिंता नाही. वीस आल्या, की कुठल्या तरी गेटला कुलूप लागणार हे नक्की.

१९८० साली त्या लग्न होऊन इचलकरंजीहून इथे आल्या. नवरा फिटर. तेव्हा गावाला नुसतं उधाण आलं होतं, तिन्ही पाळ्या चालत. पुढे नव्वदच्या दशकात एकेक शेड ओस पडली. २००४ला पुन्हा सगळं भरभरून आलं, तेव्हा काकूंनी अकरा बाया कामाला घेतल्या. २००९च्या फेब्रुवारीत त्या अकराही घरी गेल्या. तेव्हापासून काकू आणि त्यांचं एकच मशीन.

आणि यंदा? पाच महिन्यांत एक कॉलर नाही! म्हणजे तेजी दाराशी आलेली. मोठं काम घ्यायला काकूंचे हात शिवशिवत होते, पण बोलायचं कोणाला?

अशात एका सकाळी त्यांचा मुलगा शंतनू चप्पल न काढताच आत घुसला. "आई! नवा कारखाना उघडतोय. आठशे गणवेश, दसऱ्यापर्यंत! उद्या हो की ना सांगायचंय."

"आठशे!" पासष्ट वर्षांच्या काकू खुर्चीतून अशा उठल्या की गुडघा दुखायचंही विसरला.

नात किमया इंदूरला अर्थशास्त्र शिकते, सुटीला घरी आली होती. तीही नाचायलाच लागली. पुस्तक उघडून तिने एक आलेख दाखवला. "आजी, देख ना, हे सगळ्या दुनियेत होतं. आधी वर, फिर खाली, फिर वर. पन्नास-पन्नास सालांच्या लाटा असतात, असं म्हणतात."

काकूंनी चष्मा लावून त्या रेषेवरून बोट फिरवलं. "अगं, ही तर बाहीची गोलाई! मी जन्मभर हेच कापत आले." त्या खदखदून हसल्या. आपण इथे खिडकीशी बसून जे मोजलं ते पुस्तकातही आहे, याचा त्यांना भलताच आनंद झाला.

"पण दहा बाया लागतील," शंतनू म्हणाला.

काकूंचं हसू तिथेच थांबलं. रेषा वर गेली ती खालीही येणार, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. पण बोच वेगळीच होती. २००८च्या दिवाळीत आठवड्याला वीस-वीस कॉलरी येत होत्या आणि काकूंनी अवाक्षर काढलं नव्हतं. त्याच महिन्यात त्या अकराजणींतल्या सीताला शाळेत स्वयंपाकाचं काम मिळत होतं. "जाऊ का?" तिने विचारलं. तिच्यासारखा हात दुसरा नव्हता, म्हणून काकू म्हणाल्या, "इथे काम भरपूर आहे." तीन महिन्यांत सीता घरी, आणि शाळेतली जागाही गेलेली.

सीता आली तरच हो म्हणायचं, असं काकूंनी ठरवलं आणि भर दुपारी टेकडीखालचं तिचं घर गाठलं. सीता मूळची अमझेरा गावची, मराठी शिकली ती काकूंच्याच मशीनवर. तिने पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"काकीजी, तेव्हा तुमाला पता होतं ना?"

"होतं," काकू म्हणाल्या. "दिवाळीपासून. स्वार्थासाठी गप्प बसले मी. चुकलं माझं." सोळा वर्षं मनात ठेवलेलं एकदाचं बाहेर पडलं आणि त्यांना रडू आलं.

सीताने काकूंपुढचा रिकामा पेला उचलला. "मंदी तुमी थोडीच आणली," ती म्हणाली. "पन मला बतवायचं होतं. मी माझं बघितलं असतं. आता कॉलरी येतील, त्या लपवायच्या नाही. सगळ्यांना दिसतील अशा टांगायच्या. मंजूर?"

"मंजूर, बाई, मंजूर!"

काकू घरी आल्या त्या जवळजवळ पळतच. शंतनूला म्हणाल्या, "हो सांग त्यांना! आणि आधी मला हातोडी दे." दाराच्या समोरच्या भिंतीवर, प्रत्येकीच्या नजरेत येईल असा वीतभर लांब खिळा त्यांनी स्वतः ठोकला. शेजारणीला वाटलं, फोटो लावतायत.

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला सीता आली. दारातच थांबून तिने आधी भिंतीकडे पाहिलं. खिळा मोकळा होता. मग ती खिडकीजवळच्या आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली आणि म्हणाली, "आठशे ना? लाओ कपडा."