चारच्या चहाला थांबणारे माग

सकाळी साडेनऊच्या सुमारास माझे आठही माग एकदम थांबले. लाइट गेली म्हणावं तर डोक्यावरचा पंखा फिरत होता. "मागांचा मेन कुणी बंद केला रे?" मी ओरडलो. मेनपाशी यल्लप्पा उभा होता. वीस वर्षं तो माझ्याकडे टॉवेल विणतो, पण मला न विचारता त्याने कधी एक मागही थांबवलेला नाही. त्याच्या हातात मोबाइल होता. "सावकार, नागूच्या गाडीला अपघात झाला... पुण्याच्या वाटेवर. संपलं सगळं." त्याला दीड महिना झाला.

नागनाथ वैरागचा. कॉलेजसाठी सोलापुरात आला आणि भवानी पेठेतल्या माझ्या कारखान्यावरच्या खोलीत राहिला. मागांच्या खडखडाटात भाडेकरू टिकत नसत. हा आठ वर्षं टिकला. "झोप लागते का रे?" असं मी पहिल्या आठवड्यात विचारलं, तर म्हणाला, "गावाकडं शेरडं वरडत्यात, हितं माग. लई शांत असलं की मलाच करमत न्हाय, काका." त्याला अभिनयाचं वेड होतं. मला ती थेरं वाटायची आणि मी तसं तोंडावर सांगायचो. पोटापाण्याचं बघ, हा माझा पाढा ठरलेला. तो मान डोलवायचा आणि तालमीला जायचा.

पुढे खरंच एका मालिकेत त्याला काम मिळालं आणि तो बॅग भरून शूटिंगला गेला. नायकाचा मित्र. चार-पाच महिने आम्ही त्याला टीव्हीवर पाहिलं. मग कथेत त्या मित्राला दुबईला नोकरीला धाडलं आणि परत आणायचं ते लोक विसरूनच गेले. पोरगा बॅग घेऊन पुन्हा माझ्या जिन्यात उभा. मी म्हणालो, "काय रे, दुबई कशी आहे?" तो हसला. बोलून गेल्यावर माझं मलाच वाईट वाटलं, पण शब्द परत घ्यायची सवय मला नाही.

मग त्याने मोबाइलवर व्हिडिओ करायला सुरुवात केली. आमच्याच कारखान्यातला टॉवेल डोक्यावर पदरासारखा घ्यायचा आणि गावाकडची आत्या व्हायचा. सुनेला बोलणारी, एसटीत जागा धरणारी, लग्नात मानपानावरून रुसणारी. ती आत्या हां हां म्हणता घरोघरी पोचली. अडचण एकच, आवाजाची. आमच्याकडे चारच्या चहाला माग दहा मिनिटं थांबतात. तेवढ्यात तो व्हिडिओ उरकायचा आणि जिन्यातून हाक द्यायचा, "झालं काका, सोडा!" मग माग सुरू. हळूहळू त्या दहा मिनिटांची वीस झाली. तो बोलत असेपर्यंत माझी माणसं बशी वाजू न देता चहा प्यायची. "कारखाना माझा का तुझा?" मी कुरकुरायचो. पण बाहेरगावचा व्यापारी आला की हळूच सांगायचो, तो आत्यावाला आमच्या वरच राहतो. त्याला मात्र कधी म्हणालो नाही, की नागू, चांगलं करतोस. एकदाही नाही.

जाण्याच्या तीन दिवस आधी, अकराच्या सुमारास, तो धावत खाली आला. एका नव्या मालिकेत मोठी भूमिका होती. बाराच्या आत एक प्रसंग करून, व्हिडिओ पाठवायचा होता. "काका, धा मिंटं माग बंद करा की. एवढ्या डाव." सकाळी दोन तास लाइट नव्हती आणि संध्याकाळी माल गाडीत चढवायचा होता. मी भडकलो. "तुझ्या नाटकापायी धंदा बंद ठेवू? चारला ये." तो "बरं काका," म्हणाला आणि वर गेला. दार-खिडक्या लावून, अंगावर चादर घेऊन त्याने तो प्रसंग केला, हे मला यल्लप्पाने नंतर सांगितलं.

तेराव्याला वैरागला गेलो, तेव्हा त्याची आई कुणाला तरी सांगत होती, "काम आवडलं हुतं त्यास्नी. पर आवाज नीट आला न्हाय, म्हनून पुण्याला समोर बोलावलं." मी हातातलं पाण्याचं भांडं तसंच खाली ठेवलं. उठून परत आलो.

हे लिहायला घेतलं आणि वाटलं, तिला हे पेपरातून कळायला नको. गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो. सगळं सांगितलं. दहा मिनिटं मागितली होती, मी दिली नाहीत. तिने रागवावं, चार शब्द बोलावेत, म्हणूनच गेलो होतो म्हणा ना. ती पदराचं टोक चाळवत बसली. मग म्हणाली, "त्यानं मला ह्यातलं कायबी सांगितलं न्हाय. त्यो तर म्हनायचा, माझ्यासाठी काका माग बंद करत्यात. साऱ्या गावाला सांगायचा."

त्या वाक्याचं मी काय करू, मला कळत नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं...

खोली अजून कुणाला दिलेली नाही. चार वाजले की मी मेन बंद करतो. माणसं चहा घेतात, बशी वाजू न देता. कुणी सांगितलेलं नाही, तरी वाजवत नाहीत. चहा संपतो. कप विसळून होतात. यल्लप्पा मेनपाशी जाऊन माझ्याकडे बघत उभा राहतो, आणि मी जिन्याकडे. सोडा म्हणून वरून कुणी सांगत नाही.