पाटावरचा बिल्ला

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर कोयता, खुरपं, आईची कात्री मांडतात आणि अगदी कडेला बाबांचा पितळी बिल्ला. त्यांची पहिली पलटण फार पूर्वी मोडली आणि जवान इकडेतिकडे वाटले गेले. बाबा दुसऱ्याच पलटणीचा बिल्ला लावून निवृत्त झाले, पण चिंचेने घासायचे तो हा पहिल्या पलटणीचाच. "पूजा वापरातल्या वस्तूची असते," असं आई दरवर्षी कुरकुरायची.

यंदा सकाळीच त्यांच्या जुन्या सोबत्याचा फोन आला. तीच पलटण त्याच नावाने पुन्हा उभी राहतेय.

"आपल्यातलं कोण आहे?" बाबांनी विचारलं.

कोणीच नव्हतं. सगळी नवी पोरं.

मनात आलं, नाव इतकी वर्षं झोपूनही तरुणच उठतं. ते जपणाऱ्याचे हात मात्र बिल्ला घासताना आता थरथरतात.

आईने कडेचा बिल्ला उचलून मधोमध ठेवला. "आता वापरात आला," म्हणाली आणि कुंकू वाहिलं. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पाटासमोर सावधान उभे राहिले. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, तरी ते तसेच.

शेवटी आईनेच हळू आवाजात म्हटलं, "विश्राम."