दारावरच्या नऊ लाद्या

लोंगिन दुज्याक स्त्शेगोमचा. ग्रॅनाइटच्या खाणींचं गाव. त्याच्या घरात तीन पिढ्या दगडकामाच्या. "आजोबांच्या वेळी दगड भिंत पेलायचा," तो म्हणायचा, "आता भिंत दगडाला पेलते. आपण नुसते इमारतीला कपडे घालणारे." पण त्याने टांगलेली लादी सूतभर हलायची नाही. अकरा वर्षं मी त्याचा कामावरचा जोडीदार होतो.

वाउब्झिखच्या नव्या संगीतशाळेचं दर्शनी काम आमच्याकडे होतं. काँक्रीटमध्ये भोक पाडायचं, सिमेंटचा मसाला भरून स्टीलचा आकडा रोवायचा आणि असल्या चार आकड्यांवर सत्तर किलोची लादी टांगायची. थंडीत मसाला धरत नाही. हीटर लावल्याशिवाय काम नाही, हा नियम लोंगिनचाच.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी त्याच्या बायकोला, कोर्नेलियाला, अचानक इस्पितळात नेलं. मेहुणा गाडी घेऊन यायला दोन तास होते. त्यातच हीटर बंद पडलेला.

"राहू दे," मी म्हणालो.

"हात रिकामे राहिले तर वेड लागेल मला." मुख्य दारावरच्या नऊ लाद्यांचे आकडे त्याने तसेच रोवले.

कोर्नेलिया रविवारी गेली. सोमवारी लाद्या मी टांगल्या. आकडे हलवून पाहिले, घट्ट वाटले. गोठलेलं पाणीही घट्टच असतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्या आठवड्यात त्याला कोण काय विचारणार?

मार्चमध्ये बर्फ वितळला आणि डोंगरावरून वारा सुटला. आम्ही वाउब्झिखमधल्याच दुसऱ्या कामावर जेवायला बसलो होतो. पाव हातात धरून लोंगिन थांबला.

"त्या शुक्रवारचं मला काहीच आठवत नाही रे. हीटर चालू होता ना?"

"बंद होता," मी म्हणालो.

"आणि तू टांगल्यास? गाढवा, बोलला का नाहीस?" उत्तराची वाट न पाहता तो गाडीकडे धावला.

शाळेत परीक्षा चालू होती. दारासमोर उभं राहिल्यावर वरून आवाज ऐकू आला. टक. मग वाऱ्याचा झोत आला की पुन्हा टक.

मुख्याध्यापिका शुल्त्सबाई पायरीवर आल्या. "अहो दुज्याक, आत्ता काय काढलंत? आत साठ मुलं आहेत."

"म्हणूनच आलो, बाई. या दारातून कुणाला सोडू नका. वरचे दगड सुटलेत. काम माझं आहे."

"तुमच्या कंपनीने कळवलंय?"

त्याने मालकाला फोन लावला. मालकाचा आवाज मलाही ऐकू येत होता. "तोंड बंद ठेव. वारा पडला की गुपचूप बघू."

लोंगिनने फोन खिशात टाकला आणि अंगणातला बाक ओढत आणून दारासमोर आडवा लावला. मी दुसरा आणला. बाईंनी एकदा वर पाहिलं, एकदा त्याच्या चेहऱ्याकडे. मग वळून आत गेल्या.

स्वयंपाकघराच्या दारातून मुलं एकेक करून बाहेर पडू लागली, व्हायोलिनच्या पेट्या पोटाशी धरून. लोंगिन ओठ हलवत मोजत होता. त्रेपन्न झाली असतील, तेवढ्यात मधली लादी एका बाजूने बोटभर घसरली आणि तिरकी होऊन एका आकड्यावर लटकली. लोंगिनने माझं मनगट असं आवळलं की दोन दिवस दुखत होतं.

"साठ," शेवटी तो म्हणाला आणि तिथेच ओल्या फरशीवर बसला.

अग्निशमनवाल्यांनी रस्ता बंद केला. वारा पडल्यावर आम्हीच वर चढलो. छत्तीस आकड्यांपैकी अकरा नुसत्या हाताने निघाले. बाहेर काढलेला मसाला चिमटीत वाळूसारखा चुरत होता.

लोंगिनने लेखी जबाब दिला: चूक माझी, एकट्याची. मी कागद ओढला आणि खाली माझं नाव लिहिलं.

"मूर्ख आहेस," तो म्हणाला.

मालकाने दोघांनाही काढलं. तरी मे महिन्यात शुल्त्सबाईंनी हट्टाने आम्हालाच बोलावलं, त्या नऊ लाद्या परत टांगायला. लोंगिनने एकेक आकडा आधी मला ओढून पाहायला लावला, मग स्वतः ओढला, मग पुन्हा मला ओढायला लावला. मी कुरकुरलो नाही.

आता तो स्त्शेगोमला थडग्यांचे दगड घडवतो. उंचावर चढत नाही. रविवारी मी जातो, सूप पितो. त्या शुक्रवारचं मात्र अजून त्याला काही आठवत नाही, आणि मी 'राहू दे' म्हणालो होतो, हे मी त्याला सांगत नाही.